जुन्या मोबाईलमधून कॅन्सरग्रस्त कुटुंबाला मदत : कोल्हापुरात परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

जुना मोबाईल जमा केला की कॅन्सरच्या रुग्णाला पैसे मिळतात, अशी सरकारची कोणतीही योजना नाही. तसा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल तर पुढे ढकलू नका. पण मोबाईल गोळा करून, ते नियमाने विकून, आलेली रक्कम रुग्णाच्या घरापर्यंत पोचवता येते. त्यात दोन खात्यांचे नियम येतात. मोबाईल हा ई-कचरा, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. आणि लोकांकडून धर्मादाय कामासाठी गोळा केलेली वस्तू, म्हणून धर्मादाय आयुक्तांचे. तिसरा भाग रुग्णाच्या कुटुंबाने करायच्या सरकारी अर्जांचा. पैशाच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा, आणि मदत गोळा करणाऱ्या मंडळांचं दुर्लक्ष नेमकं तिथेच होतं.

आधी अपेक्षा जमिनीवर आणू. एका मोबाईलमधलं सोनं ग्रॅमच्या काही शतांशांत मोजावं लागतं. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, झारेकरी सराफाच्या दुकानासमोरची माती धुवून सोन्याचे कण काढतो, त्यातलाच हा प्रकार; पोतंभर माल असेल तेव्हा कुठे हाताला काही लागतं. त्यामुळे बंद पडलेल्या मोबाईलच्या खोक्यावर केमोथेरपीचा खर्च भागेल, असं कुणाला सांगू नका. खरी किंमत येते ती चालू स्थितीतल्या पण कपाटात पडून राहिलेल्या मोबाईलला. नवा घेतला, जुना ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवला, असे मोबाईल मागा.

एकट्याने द्यायचा असेल तर

तुमचा मोबाईल चालू असेल तर सोपा मार्ग असा : तो स्वतःच विका आणि पैसे यूपीआयने किंवा चेकने नोंदणीकृत ट्रस्टला द्या. कारण आयकरातली ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही. मोबाईल घेऊन कुणी ‘८०जीची पावती देतो’ म्हणत असेल तर ती पावती कामाची नाही. रोख देणगीही २,००० रुपयांच्या वर असेल तर सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ही वजावट नाहीच. सवलतीशी देणंघेणं नसेल, तर मोबाईल तसाच दिला तरी बिघडत नाही.

मंडळ, तालीम, कॉलेज किंवा सोसायटीने गोळा करायचे असतील तर

तुमचं मंडळ सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं असेल आणि घटनेतल्या उद्देशांत वैद्यकीय मदत असेल, तर कार्यकारिणीचा ठराव करून काम सुरू करता येतं. उद्देशात फक्त उत्सव आणि क्रीडा असेल तर वैद्यकीय मदतीचं काम करणाऱ्या एखाद्या ट्रस्टला सोबत घ्या आणि पैसे थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या.

नोंदणीच नसेल तर त्याच कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी पेठापेठांतली मंडळं दरवर्षी घेतात त्याच प्रकारची ही परवानगी, त्यामुळे कोल्हापुरात तिचा रस्ता माहीत असलेला एखादा तरी कार्यकर्ता प्रत्येक गल्लीत सापडतो. अर्ज ऑनलाइन होतो. सभासदांच्या सह्यांचा ठराव, पदाधिकाऱ्यांची यादी आणि ओळखपत्रं, जागेबद्दलचं ना हरकत पत्र, आणि आधी परवानगी घेतली असेल तर तिची प्रत व मागचा हिशोब, ही कागदपत्रं जोडायची. परवानगी ठरावीक काळापुरती असते आणि काम झाल्यावर हिशोब द्यावा लागतो. अर्जात ‘जुने मोबाईल गोळा करून येणारी रक्कम’ हे शब्द स्पष्ट लिहा. उत्सवाच्या परवानगीवर हे काम खपवू नका. हिशोब देताना अडचण तुमचीच होईल.

मोबाईल घेताना

टेबलावर एक वही ठेवा. देणाऱ्याचं नाव, मोबाईलचा आयएमईआय (प्रत्येक मोबाईलचा वेगळा ओळख क्रमांक) आणि ‘हा मोबाईल माझ्या मालकीचा असून स्वेच्छेने देत आहे’ या ओळीखाली सही, एवढं पुरे. आयएमईआय *#०६# दाबला की दिसतो. मोबाईल बंद असेल तर सिमच्या ट्रेवर, बॅटरीखाली किंवा खोक्यावर छापलेला असतो. मोबाईल चोरीचा नाही ना, हे बघायला ‘केवायएम’ लिहून, एक जागा सोडून, तो १५ अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करा; केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही ही सोय आहे. उत्तरात ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट असं आलं तर तो मोबाईल हातात घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि ‘समाजकार्यासाठी घेतला’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही. हप्ते चालू असलेला किंवा ऑफिसने दिलेला मोबाईलही नको.

देणाऱ्याला घरूनच करून यायला सांगायच्या गोष्टी : फोटो आणि संपर्क दुसरीकडे काढून घेणं, बँकेची व यूपीआयची ॲप बंद करणं, गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडणं, मग फॅक्टरी रिसेट, शेवटी सिम आणि मेमरी कार्ड काढणं. क्रम महत्त्वाचा. खात्यातून बाहेर न पडता रिसेट केलेला मोबाईल पुढच्या माणसाकडे जुना पासवर्ड मागत बसतो आणि त्याची किंमत भंगाराची होते. घरातल्या गेलेल्या माणसाचा मोबाईल कुणी घेऊन आलं, तर आवाजाचे मेसेज आणि फोटो काढून घेतलेत का, एवढं जरूर विचारा. गडबडीत ते राहून जातं आणि मग परत मिळत नाही.

आता बॅटरी. टेबलावर येणाऱ्या मोबाईलमध्ये एखादा असा असतोच की ज्याची स्क्रीन एका कडेने वर आलेली असते, नखाने उचलता येईल इतकी. बॅटरी फुगल्याची ती खूण. तो चार्जिंगला लावू नका, दाबू नका, बॅटरी उपसून काढायच्या फंदात पडू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात, उन्हापासून लांब, बाकीच्या मोबाईलपासून वेगळा ठेवा आणि लवकरात लवकर पुढे द्या. सुट्या बॅटऱ्या असतील तर टोकांवर चिकटपट्टी लावा.

कुणाला द्यायचे

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार मोबाईल दुरुस्त करून पुन्हा विकणारा रिफर्बिशर आणि तो फोडून धातू काढणारा रिसायकलर, दोघांनाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा, पोर्टलवर स्वतः तपासा आणि मगच माल उचलू द्या. अडलं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय उद्योग भवनात, जिल्हाधिकारी कार्यालयाजवळच आहे. काही मोबाईल कंपन्या आपल्या सर्व्हिस सेंटरवर जुने मोबाईल जमा करून घेतात. पण तिथे पैसे मिळतीलच असं नाही, म्हणून आधी विचारा.

मालाचे दोन ढीग करा. चालणारे रिफर्बिशरकडे, बंद पडलेले रिसायकलरकडे. सगळा माल किलोवर दिला तर चालणाऱ्या मोबाईलचीही किंमत मातीमोल होते. रिसायकलरचं उत्पन्न फक्त धातूंवर नसतं. त्याला मिळणारी प्रमाणपत्रं मोबाईल बनवणाऱ्या कंपन्या आपल्यावरच्या रिसायकलिंगच्या जबाबदारीपोटी विकत घेतात, त्यामुळे भाव करायला लाजू नका. वजनाची पावती, मोबदल्याची पावती आणि रिसायकल केल्याचं प्रमाणपत्र, तिन्ही घ्या. पैसे ट्रस्टच्या खात्यातच.

भंगारवाला चार रुपये जास्त देत असला तरी नको. त्या मालाचं पुढे ॲसिड आणि उघड्यावरचं जाळणं होतं. त्या धुरातली काही द्रव्यं कॅन्सरलाच कारण ठरतात, तेव्हा या कामासाठी तरी तो मार्ग नको. एखाद्या बँकेने किंवा कारखान्याने ‘आमचे सगळे जुने मोबाईल आणि संगणक घ्या’ म्हटलं, तर थांबा. ज्या संस्थेने एका आर्थिक वर्षात किमान १,००० उपकरणं वापरली आहेत तिला ई-कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यावा लागतो, तुमच्या मंडळाकडे नाही.

रुग्णाच्या कुटुंबाने आधी काय करायचं

मोबाईलच्या पैशाकडे येण्याआधी कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेकडे पाठवा. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आणि आयुष्मान भारतसोबत दर वर्षी प्रति कुटुंब ५ लाख रुपयांचं संरक्षण ठरलं. पांढरं रेशन कार्ड असलेले लोक अजूनही ‘आम्ही त्यात बसत नाही’ म्हणून घरी बसतात. बसता. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशनचे उपचार यादीत आहेत. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयासह योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. अर्ज त्याच्यामार्फत होतो. रेशन कार्ड, आधार आणि निदानाचे रिपोर्ट न्यायचे. हेल्पलाइन १५५३८८.

अडतं कुठे, तर नावात. रेशन कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, नाहीतर रेशन कार्ड अजून ऑनलाइन चढलेलंच नाही. रुग्ण दाखल असताना पुरवठा विभागाच्या फेऱ्या मारणं फार जड जातं. म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात घरातल्या कुणीतरी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघावं.

योजनेत न बसणाऱ्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांपर्यंत हवं आणि त्यासाठी तहसीलदारांचा चालू वर्षाचा दाखला. करवीर तालुक्यातल्यांनी तो सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढायचा. सोबत विहित अर्ज, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार, रेशन कार्ड, रिपोर्ट आणि उपचार घेत असलेल्या रुग्णाचा जिओ-टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रकावर जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणीकरण लागतं. रुग्णालय निधीच्या यादीत असावं लागतं आणि मंजूर रक्कम थेट त्याच्याच खात्यात जाते. म्हणूनच बिल भरून झाल्यावर परतावा मागता येत नाही. अर्ज उपचार चालू असतानाच करायचा.

धर्मादाय रुग्णालयांचा तिसरा मार्ग कमी लोक वापरतात. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. म्हणजे मुख्यमंत्री निधीत थोडक्यात हुकलेलं कुटुंब इथे बसू शकतं. दाखल होतानाच काउंटरवर लेखी मागणी करा, तोंडी नको.

मग मोबाईलचे पैसे कशाला?

सरकारी योजना रुग्णालयाचं बिल बघते. कोल्हापूरहून दादरपर्यंतचं भाडं, सोबतच्या माणसाचं दोन वेळचं जेवण, बुडालेली रोजंदारी, डबा आणि डायपर यांचा हिशोब तिथे कुणी धरत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जाणारं आपल्याकडचं कुटुंब महालक्ष्मी एक्स्प्रेसने दादरला उतरतं आणि राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीत खोली मिळते का बघतं. मोबाईलमधून आलेल्या थोडक्या रकमेची जागा इथे आहे. लहान रक्कम, पण लगेच मिळणारी.

म्हणून मंडळाने आपला अर्ज एका पानात आटोपावा : निदानाचा रिपोर्ट किंवा डॉक्टरांचं पत्र, रेशन कार्ड, आधार, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. उत्पन्नाचा दाखला पुन्हा मागू नका. पिवळं किंवा केशरी कार्ड पुरावा म्हणून पुरे, पांढरं असेल तर घरी जाऊन चौकशी करा. पैसे रुग्णाच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या खात्यात द्या आणि व्हाउचरवर सही घ्या. आणि चेक देतानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. कॅन्सर झाल्याचं गावभर व्हावं असं त्या घरातल्या मुलीला किंवा सुनेला वाटतं का, हे कुणी विचारत नाही. दात्यांना दाखवायला जमाखर्चाचा तक्ता आहे.

प्रवासाचे पैसे देण्याआधी रेल्वेची सवलत घेतली का तेही विचारा. कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाकडून रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र, सही-शिक्क्यासह, भरून घ्यावं लागतं आणि तिकीट आरक्षण खिडकीवर काढावं लागतं. शाहू टर्मिनसच्या खिडकीवर मूळ प्रमाणपत्र आणि दोन झेरॉक्स घेऊन जा. एसटीने जाणार असाल तर महिलांना अर्धं तिकीट आहेच.