ब्रॉयलर कोंबड्यांतील स्नायुविकार : आनुवंशिकी

झपाट्याने वाढणाऱ्या मांसल कोंबड्यांच्या छातीच्या स्नायूंत संसर्गाशिवाय उद्‌भवणारे व मांसाची प्रत घटविणारे विकार. वुडन ब्रेस्ट म्हणजे छातीचे मांस कडक होणे, व्हाइट स्ट्रायपिंग म्हणजे तंतूंना समांतर पांढऱ्या चरबीच्या रेघा उमटणे, स्पॅगेटी मीट म्हणजे तंतू सुटे पडणे, आणि आतल्या लहान स्नायूचा रक्तपुरवठा तुटून तो हिरवट पडणे, हे प्रमुख प्रकार होत.

वुडन ब्रेस्टचे शास्त्रीय वर्णन फिनलंडमधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. व्हाइट स्ट्रायपिंगच्या नोंदी त्याच्या काही वर्षे आधीच्या आहेत. आतल्या स्नायूचा ऱ्हास टर्की पक्ष्यांत १९६८ पासून ज्ञात आहे. मात्र नोंदीचे वर्ष म्हणजे विकाराचा आरंभ नव्हे. पक्षी अख्खा विकला जाई तोवर छातीचा स्नायू वेगळा काढून कोणी तपासत नसे, तेव्हा सौम्य स्वरूपात हे विकार आधीही असावेत असे मानण्यास जागा आहे.

आजचा ब्रॉयलर मुख्यतः कॉर्निश नर व व्हाइट प्लायमाउथ रॉक मादी यांच्या संकरातून घडला. कॉर्निशच्या घडणीत भारतीय असील या झुंजीच्या कोंबड्याचा वाटा होता. रुंद, भरदार छाती बहुधा तिकडून आली. पुढे निवडपैदाशीने वेग घेतला. १९५७ आणि २००५ मधील वाण सारख्याच खाद्यावर वाढवून केलेल्या कॅनडातील तुलनेत वाढीचा वेग ४०० टक्क्यांहून अधिक चढलेला आढळला. स्नायुतंतूंची संख्या पिल्लू अंड्यातून बाहेर येण्यापूर्वीच जवळजवळ ठरून जाते. पुढची सारी वाढ तंतू जाड होऊन होते आणि केशवाहिन्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या) त्या प्रमाणात वाढत नाहीत. त्यामुळे तंतूंना प्राणवायू अपुरा पडतो असे मानले जाते; ते मरतात आणि त्यांच्या जागी चरबी व संयोजी ऊतक (अवयवांना बांधून ठेवणारे चिवट धागे) भरते.

हे विकार एका जनुकाचे नाहीत, यावर एकमत आहे. न्यू हॅम्पशायर जातीत १९५६ मध्ये नोंदविलेला आनुवंशिक स्नायुक्षय हा वेगळा विकार. त्याचे मूळ २००८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूपी-१ या एकाच जनुकातील बदलात सापडले. दोहोंची गल्लत करू नये. वाद आहे तो आनुवंशिकतेच्या प्रमाणाबद्दल. ते आनुवंशिकता-गुणांकाने मोजतात : पक्ष्यापक्ष्यांत दिसणाऱ्या फरकाचा किती वाटा जनुकांमुळे, हे तो ० ते १ या मापात सांगतो. एका पैदास-कंपनीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये शुद्ध वाणांवरून वुडन ब्रेस्टचा आनुवंशिकता-गुणांक ०.१ पेक्षा कमी दिला. व्हाइट स्ट्रायपिंगसाठी तो ०.१८५ ते ०.३३८ निघाला. २०१६ मधील फ्रेंच अभ्यासात व्हाइट स्ट्रायपिंगचा गुणांक ०.६५ आला. २०२१ मध्ये १,१९३ संकरित व्यापारी पक्ष्यांवरून दोन्ही विकारांसाठी तो सुमारे ०.५ आणि त्यांचा परस्पर जनुकीय सहसंबंध ०.८८ मिळाला, म्हणजे दोन्हींमागची जनुके बरीचशी सामाईक असावीत. संबंधित स्थाने बहुतांशी गुणसूत्र ५ च्या एकाच पट्ट्यात आढळली. गुणांक हा त्या-त्या कळपाचा व परिस्थितीचा असतो, जातीचा स्थिर गुण नव्हे. तरीही बाजारात येणारा पक्षी संकरित असल्याने नंतरचे अभ्यास व्यवहाराला अधिक जवळचे वाटतात.

हा केवळ तज्ज्ञांचा वाद नाही. बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या सीमाभागात करारावर ब्रॉयलर पाळण्याची पद्धत रुळली आहे. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी, भाताचे तूस आणि राबणे शेतकऱ्याचे. विकार मुख्यतः व्यवस्थापनाचा मानला तर दोष शेडवर येतो. निम्मा आनुवंशिक असेल तर त्या निम्म्यावर शेतकऱ्याचा काहीच ताबा नाही, कारण निवड मूळ वंशावळीच्या कळपांत होते आणि तिथला बदल शेडपर्यंत उतरायला काही वर्षे लागतात. बॅचचा हिशेब करताना हे ध्यानात घेतले जावे.

येथील पक्षी साधारण ३५ ते ४२ दिवसांत, दोन किलोंच्या आसपास उचलला जातो. विकाराचे प्रमाण वय, वजन आणि छातीच्या आकाराबरोबर वाढते, म्हणून येथे तो कमी दिसतो. शिवाय दुकानात कोंबडी जिवंत वजनावर घेऊन हाडासकट तुकडे केले जातात, त्यामुळे कडक भाग रश्श्यात निघून जातो. हॉटेलसाठी बोनलेस काढताना तो हाताला लागतो : छातीच्या वरच्या, जाड टोकाला अंगठा दाबला तर मांस दबत नाही, रंग फिका, पृष्ठभाग फुगीर, कधी वर चिकट पातळ द्राव आणि टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. असे मांस रोगकारक नाही. पण त्यात प्रथिने कमी, चरबी व कोलॅजन अधिक असते आणि मसाल्याचे पाणी ते नीट धरत नाही.

गावठी कोंबडी, तसेच बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने परसासाठी विकसित केलेली गिरिराजा यांची वाढ संथ असते. विकाराला लागणारा छातीचा भार त्यांच्यावर येत नाही.  

प्रतिबंधासाठी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खाद्य मर्यादित करून वाढीचा वेग आवरण्याचे प्रयोग झाले आहेत. विकार त्याने काही प्रयोगांत कमी झाला, पण वजनही घटते आणि तो तोटा करारात पाळणाऱ्याच्याच अंगावर येतो. त्यामुळे छातीच्या वजनाबरोबर स्नायूच्या निरोगीपणाचेही माप पैदास-निवडीत घेणे हाच अधिक न्याय्य मार्ग दिसतो.