आकडा वर्षांचा, हिशेब हवेचा

गळीत हंगामात कारखान्याच्या बाजूनं वारा सुटला की मळीचा जड, आंबूस-गोड वास कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत घरोघरी शिरतो. साखर काढून घेतल्यावर उरलेल्या या मळीतही बरीच साखर असते. यीस्ट ती खातं, अल्कोहोल तयार करतं आणि कारखान्याच्या डिस्टिलरीतले उंच स्तंभ ते वेगळं काढतात. 1830 साली एनियस कॉफी या आयरिश माणसानं ज्या स्तंभाचं पेटंट घेतलं, त्याचीच ही सुधारलेली रूपं. एकीकडून आंबवण आत जातं, दुसरीकडून सुमारे 95 टक्के अल्कोहोल बाहेर पडतं, आणि हे रात्रंदिवस चालतं. त्यात उसाची ओळख फारशी उरत नाही. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बऱ्याचदा हेच मळीचं अल्कोहोल असतं. युरोपीय महासंघात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथल्या नियमांनुसार व्हिस्की धान्याचीच लागते आणि ती लाकडी पिंपात किमान 3 वर्षं मुरलेली असावी लागते.

लहान डिस्टिलरीत सगळा उद्देशच वेगळा असतो. मूळ धान्याचा किंवा फळाचा वास शेवटपर्यंत टिकवायचा म्हणून तिथे तांब्याच्या भांड्यात एकेक घाणा घेतला जातो. आजऱ्यावरून आंबोली उतरून गोव्याला जाणाऱ्या कोल्हापूरकरांना हे बघणं अवघड नाही. कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच ठिकाणी फक्त मोड आणलेल्या सातूपासून केलेल्या व्हिस्कीची, डिस्टिलरी आहे, ती आकारानं मोठी असली तरी तिथेही तांब्याचीच भांडी आहेत. काजूच्या हंगामात, साधारण मार्च ते मे, फेणीच्या छोट्या भट्ट्याही पेटलेल्या असतात.

माल्टची सुरुवात सातूपासून, म्हणजे बार्लीपासून होते. दाण्यात साखर नसते, स्टार्च असतो आणि यीस्टला स्टार्च पचत नाही. म्हणून सातू भिजवून त्याला मोड आणतात. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड आणतो तेव्हा दाण्यात जे घडतं, तेच इथेही घडतं. कोंबाला अन्न हवं म्हणून दाणा अमायलेज नावाची विकरं (एन्झाइम) तयार करतो आणि ती स्टार्च तोडू लागतात. कोंब फार वाढायच्या आत दाणा वाळवतात, भरडतात आणि साधारण 64 अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिसळतात. या तापमानाला विकरं जोरात काम करतात. पाणी जास्त तापलं तर ती निकामी होतात, थंड पडलं तर स्टार्च नीट फुटत नाही. तासाभरानं तेच पाणी चाखलं तर चक्क गोड लागतं.

मग यीस्ट. दोन ते चार दिवसांत 8 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं, सोबत कार्बन डायऑक्साइड आणि एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी संयुगं. पिकल्या केळ्याचा जो वास येतो तो आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा. टाकीवर वाकून मात्र खोल श्वास घेऊ नका. पृष्ठभागावर साचलेला कार्बन डायऑक्साइड नाकात झणकन झोंबतो आणि बंद जागेत तो जिवावरही बेतू शकतो.

यानंतरचा टप्पा ऊर्ध्वपातनाचा, आणि मला सर्वांत आवडणारा. शुद्ध अल्कोहोल 78.4 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. म्हणून 78 अंशांवर सगळं अल्कोहोल निघून जाईल आणि पाणी मागे राहील, असा समज असतो. तसं होत नाही. मिश्रण या दोन्हींच्या मधल्या तापमानाला उकळतं, वाफेत दोन्ही असतात, फक्त अल्कोहोलचा वाटा द्रवापेक्षा जास्त असतो. पहिल्या खेपेला 8 चे साधारण 22 ते 25 टक्के होतात, दुसऱ्या खेपेला 65 ते 70. भांडं तांब्याचं असण्याला कारण आहे. आंबताना तयार झालेली गंधकाची संयुगं तांब्याच्या पृष्ठभागाला धरून राहतात. ती वाफेबरोबर पुढे गेली असती तर कुजक्या कोबीसारखा वास आला असता. तांबं त्यापायी हळूहळू झिजतं आणि काही वर्षांनी भांड्याचे भाग बदलावे लागतात.

दुसऱ्या खेपेला नळीतून येणारा द्रव सलग एकसारखा नसतो. पहिल्या धारेला आपल्याकडे मोठा मान आहे, पण डिस्टिलर ती बाजूला काढतो. तिच्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथाइल अ‍ॅसिटेट जास्त असतं आणि नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास येतो. मधला भाग ठेवायचा. शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास यायला लागला की पुन्हा थांबायचं. तापमापक आणि घनतामापक दोन्ही असतात, तरी कुठे तोडायचं हे कसलेला माणूस नाकानं ठरवतो. दाखवणाऱ्याला विनंती केलीत तर तो या ताज्या, पाण्यासारख्या पारदर्शक द्रवाचे दोन थेंब तुमच्या तळहातावर टाकेल. हात चोळा. आधी अल्कोहोल उडतं, हात गार पडतात. मग नाक जवळ न्या, भिजलेल्या धान्याचा, भाकरीच्या पिठासारखा वास येतो. पिंपात जाण्याआधी व्हिस्की अशी असते.

पहिली धार टाकली की मिथेनॉल, म्हणजे विष, निघून जातं असंही लोक सांगतात. ते खरं नाही. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळत असलं तरी पाण्यात ते घट्ट मिसळतं आणि पूर्ण धारेत थोडंथोडं येत राहतं. दिलासा असा की मिथेनॉल ज्यापासून बनतं ते पेक्टिन धान्यात जवळजवळ नसल्यामुळे मिथेनॉल मुळातच नगण्य तयार होतं, फळांत थोडं जास्त. विषारी दारूनं माणसं मरतात ती बहुतेकदा कारखान्यातलं मिथेनॉल कुणीतरी पैशांसाठी मिसळतं म्हणून. 2015 साली मुंबईत मालवणीला शंभराच्या आसपास माणसं अशीच गेली. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं आणि डोळ्यांच्या नसा जळतात. त्यात भट्टीवरच्या धारेचा काही दोष नव्हता.

आता पिंपांच्या खोलीत या. इथे वासाची घनता इतकी असते की बोलणं आपोआप थांबतं. ओकच्या लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन येतं, लॅक्टोनपासून खोबऱ्यासारखा वास, जाळलेल्या आतल्या थरातून कॅरॅमलची छटा. पिंपं बहुधा अमेरिकेतून वापरून आलेली. तिथे बर्बन या अमेरिकन व्हिस्कीला नवंच पीप लागतं, त्यामुळे जुनी जगभर विकली जातात. तापमान वाढलं की द्रव फुगून लाकडात शिरतो, उतरलं की बाहेर येतो. आपल्या हवेत ही ये-जा जोरात होते.

आणि त्याबरोबर द्रव लाकडातून उडूनही जातो. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण 2 टक्के, बंगळुरूला अमृत या व्हिस्की कंपनीच्या गोदामात 10 टक्क्यांच्या वर. गणित करून बघा. 200 लिटरच्या पिंपात 2 टक्के दरानं 12 वर्षांनी 157 लिटर उरतात. 10 टक्के दरानं उरतात 56. म्हणून इथल्या हवेत 12 वर्षं मुरवणं हा वेडेपणा ठरतो, आणि तोवर लाकडाचा कडूपणाही चढलेला असतो. अमृतनं आपली सिंगल माल्ट 2004 साली विकायला थेट ग्लासगोत नेली. कमी वर्षांच्या बाटलीला परदेशी जाणकारांनी चांगलं म्हटलं, त्यात नवल नव्हतं. बाटलीवरचा वर्षांचा आकडा थंड देशात जन्माला आला आणि तिथे त्याला अर्थ आहे. तोच आकडा गोव्यात किंवा बंगळुरूला प्रतिष्ठेचं माप म्हणून लावणं मला चूक वाटतं. डिस्टिलरीत गेलात तर वर्षं विचारायच्या आधी पीप किती लिटरचं, आत आधी काय होतं आणि गोदामाचं छप्पर किती तापतं ते विचारा. लहान कारखानदार बऱ्याचदा 50 लिटरचं पीप घेतात. त्यात दर लिटरला लाकडाचा पृष्ठभाग 200 लिटरच्या पिंपापेक्षा साधारण 1.6 पट असतो, त्यामुळे रंग आणि लाकडाची चव लवकर चढते. एस्टर मुरायला लागणारा वेळ मात्र त्यानं कमी होत नाही.

चाखताना वास आधी. निमुळत्या तोंडाचा ग्लास, नाक कडेवर, तोंड किंचित उघडं. पहिल्या घोटाला घसा जळतो त्याचं कारण कोल्हापूरकराला लगेच पटेल. तांबड्या रश्श्यातलं कॅप्सेसिन ज्या टीआरपीव्ही-1 नावाच्या ग्राहीला (उष्णता जाणवून देणाऱ्या नसेवरच्या संवेदकाला) चेतवतं, तीच ग्राही इथेही काम करते. एरवी ती 42 अंशांच्या आसपास ‘भाजलं’ असा निरोप देते. अल्कोहोल तिचा उंबरठा सुमारे 34 अंशांवर आणतं, म्हणजे तोंडाची स्वतःची ऊबच तिला जाळ वाटते. त्यामुळे मिसळ खाऊन चाखायला बसू नये, ग्राही आधीच चेतलेली असते.

थोडं पाणी घाला. ग्वायॅकॉल हे धुराच्या वासाचं संयुग 45 टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाकडे जमतं, तर 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोलचे रेणू त्याला वेढून आत ठेवतात, असं 2017 साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंचं अनुकरण करून दाखवलं. पिंपातून थेट दिलेल्या कडक नमुन्यात पाण्यानं वास उघडतो तो बहुधा यामुळे.

चाखून थुंकायला लाजू नका, बरेच जाणकार तेच करतात. 30 मिलीच्या एका पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि ते संपवायला यकृताला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. कॉफीनं, लिंबूपाण्यानं किंवा गार पाण्याच्या हबक्यानं हा वेग वाढत नाही. रक्तातली कायद्याची मर्यादा 100 मिलीला 30 मिलिग्रॅम आहे. परतीच्या वाटेवर आंबोलीचा घाट आहे, तेव्हा गाडी चालवणाऱ्यानं फक्त वास घ्यावा. वरच्या सगळ्या गोष्टींतला निम्म्याहून जास्त आनंद त्याला तसाही नाकानंच मिळतो.