सीएनजीची बस आणि बॅटरीची बस: दोघींना एकाच मापाने मोजू नका

काळा धूर दिसत नाही म्हणून सीएनजीच्या आणि बॅटरीच्या बसला सरसकट 'प्रदूषणमुक्त' म्हटलं जातं. पण सीएनजीच्या बसमध्ये इंजिन असतं, त्यात गॅस जळतो. डिझेलपेक्षा काजळी खूपच कमी, हे खरं. सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या आदेशानंतर दिल्लीने शहरबस सीएनजीवर आणल्या, ते योग्यच झालं. तरी कार्बन डायऑक्साइड निघतोच.

बॅटरीच्या बसमध्ये जळायलाच काही नसतं. हा फरक खरा कळतो तो स्टॅण्डवर. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला, फलाटाला लागलेली गाडी इंजिन चालू ठेवून उभी आणि शेजारच्या गाडीत चढणाऱ्या बाईच्या कडेवरचं लेकरू नेमकं सायलेन्सरच्या झोतात. बॅटरीची बस एसी चालू ठेवून तासभर उभी राहिली तरी त्या लेकराच्या नाकात काही जात नाही. माझ्या लेखी हा सगळ्यात मोठा फायदा.

दुसरा फायदा उतारावरचा. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे येताना मोटरच जनित्राचं काम करते. गाडीचा वेग आवरला जातो, वीज बॅटरीत परत जाते आणि ब्रेकही कमी झिजतात. सीएनजीच्या गाडीत ती सगळी ताकद उष्णता होऊन वाया जाते.

"पण वीज भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातली, कोळशावरचीच ना?" हा प्रश्न रास्त आहे. आजची बरीचशी वीज कोळशाचीच, आणि तो धूर भुसावळकडच्या लोकांच्या वाट्याला येतो. पण साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्पही आहे. असे प्रकल्प वाढतील तशी रस्त्यावरची तीच बस आणखी स्वच्छ होत जाईल, गाडीत काही न बदलता.

अडचणीही आहेत. सीएनजी काही मिनिटांत भरला जातो, चार्जिंगला तास जातात. शिवाय उन्हाळ्यात एसी बॅटरी खातो, एका चार्जिंगमधलं अंतर घटतं.

एसटीची पहिली इलेक्ट्रिक बस, 'शिवाई', 1 जून 2022 ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. केंद्राच्या 2023 च्या पीएम ई-बस सेवा योजनेत देशभरातल्या शहरांसाठी 10,000 बस आहेत. खान्देशात सुरुवात धडगाव-तोरणमाळच्या चढांवर नको. जळगाव–भुसावळ, धुळे–शिरपूर अशा आखूड फेऱ्यांवर करावी आणि गाड्या येण्याआधी दोन्ही टोकांच्या आगारांत चार्जर बसवावेत.