अर्धा रोहू, अर्धा कतला

भंडाऱ्याकडच्या आठवडी बाजारात ढीवर बाईच्या टोपलीत एकाच मामा (माजी मालगुजारी) तलावातले तीन मासे होते. एकाचं डोकं कतल्यासारखं थोराड, दुसरा रोहूसारखा लांबट, तिसरा धड ना हा ना तो. "हा कोणता?" "अर्धा रोहू, अर्धा कतला हाय भाऊ. तिघंही एकाच पिशवीतल्या बिजाचे."

बीज म्हणजे तलावात सोडायची माशांची इवली पिल्लं. बाईचं खरं असू शकतं. रोहू, कतला, मृगळ तिघंही पावसाळ्यातच अंडी घालतात, आणि फलन होतं अंगाबाहेर, पाण्यात. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्या डोक्यातल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं (रोहू-कतल्याच्या कुळातल्या) प्रजनन घडवलं. पुढे बीजकेंद्रं वाढली. एकाच टाकीत दोन जाती सोडल्या, की कुणाचं शुक्र कुणाच्या अंड्याला लागेल याचा नेम नाही. तिघांचीही गुणसूत्रं ५०, म्हणून हा संकर खेचरासारखा वांझ नसतो.

पहिल्या पिढीत प्रत्येक पिल्लाला २५ गुणसूत्रं रोहूची, २५ कतल्याची. त्यामुळे भावंडं बरीचशी सारखी: डोकं कतल्याहून लहान, अंग रोहूहून रुंद. (खाणाऱ्याला हेच हवं, डोकं कमी, मांस जास्त.) गोंधळ होतो तो या संकरालाच पिल्लं झाली की. २५ जोड्यांपैकी प्रत्येकीतून रोहूकडचं उतरेल की कतल्याकडचं, हा दर वेळी नवा डाव. जुळण्या होतात ३ कोटी ३५ लाखांवर! रोहूला बारीक मिशा असतात, कतल्याला नसतात; इथे एका भावाला मिशी, दुसऱ्याला नाही, असंही होऊ शकतं.

उत्तर अमेरिकेतल्या सनफिश माशांतही हे चालतं. ब्ल्यूगिलचं तोंड इवलंसं, ग्रीन सनफिशचं मोठं, संकराचं मधलं. गंमत म्हणजे त्यांची पहिली पिढी बहुतेक नरांचीच निघते.

पण नुसत्या रूपावर जाऊ नये. बोडीत (लहान तळ्यात) दाटी झाली, खाणं कमी पडलं, तर अस्सल रोहूही अंगाने वाळतो आणि डोकंच मोठं दिसतं. गढूळ पाण्यातला मासा फिकट, नितळ पाण्यातला गडद. खात्री डीएनए तपासूनच.

मी तो तिसरा घेतला. घरी जाऊन मिशा शोधणार होतो. तोवर डोकं रश्श्यात गेलं होतं.