पालं जळाली, आता पुढं काय? पारधी कुटुंबाने ॲट्रॉसिटीची मदत कशी मिळवायची

गावात चोरी होते, संशय पारध्यांच्या वस्तीवर येतो. रात्री माणसं काठ्या घेऊन येतात, पालं पेटवतात आणि सकाळी बायकापोरं दुसऱ्या तालुक्यातल्या नातेवाइकांकडे पोचलेली असतात. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला. गावाच्या डोक्यातून तो अजून गेलेला नाही. हल्ल्यानंतर सरकारकडून काय मिळतं आणि ते कसं पदरात पाडून घ्यायचं, ते इथे सांगतो.

पहिला गैरसमज अर्जाचा. लोक विचारतात, ‘मदतीचा फॉर्म कुठं मिळतो?’ अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजेच ॲट्रॉसिटी, १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यातल्या नियम १२ प्रमाणे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी स्वतः घटनास्थळी जायचं, नुकसान पाहायचं, पीडितांची यादी करायची. अन्न, पाणी, कपडे, निवारा, औषधोपचार यांची तातडीची मदत सात दिवसांच्या आत पोचली पाहिजे. म्हणजे मदत मागण्याआधी ती देणं हे त्यांचं काम आहे. तरीही निवेदन द्याच. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि समाज कल्याणचे सहायक आयुक्त, तिघांना एकेक प्रत. आणि प्रत्येक प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसलेलं निवेदन दिलंच नव्हतं असं समजा.

पात्रता थोडक्यात: पीडित अनुसूचित जाती किंवा जमातीचा हवा आणि आरोपी त्या दोन्हींतला नको. महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी, टाकणकार अनुसूचित जमातीत येतात. इथेच एक कडू गोष्ट आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने ज्या पाच जणांना ठेचून मारलं, ते नाथपंथी डवरी गोसावी होते. ते भटक्या जमातींच्या यादीत, त्यामुळे हा कायदा त्यांच्या उपयोगाचा नाही. अशा कुटुंबांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पीडित नुकसानभरपाईसाठी अर्ज करायचा. तिथे मात्र खरोखरच अर्ज लागतो.

आता गुन्हा. ज्या ठाण्याच्या हद्दीत पालं जळाली तिथेच जायला हवं असं नाही. पळून जिथे आलात तिथल्या ठाण्यातही फिर्याद नोंदवता येते, ते ती पुढे पाठवतात. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. ठाणेदाराने घेतलीच नाही तर तीच हकिकत लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांना पाठवा. आणि ‘आधी चौकशी करू, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर कलम १८-अ दाखवा. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं २०१८ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय. १४५६६ ही मदतवाहिनीही आहे.

पंचनाम्यावर मात्र अख्खा दिवस घालवा. माझ्या अनुभवात सगळा खेळ इथे बिघडतो. एका पंचनाम्यात मी वाचलं होतं: ‘तीन पालं जळालेली, किरकोळ साहित्य.’ त्या किरकोळ साहित्यात दोन शेळ्या होत्या, पितळेची घागर होती, चुलीजवळच्या डब्यात ऊसतोडीची उचल होती आणि एका पिशवीत घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं. एकेक वस्तू बोलून लिहून घ्या. कागद जळाले असतील तर ‘कागद जळाले’ हे वाक्य जबाबात आलंच पाहिजे. पुढे प्रत्येक कार्यालयात तेच कामाला येतं.

लागणारे कागद म्हणजे फिर्यादीची प्रत, जातीचा दाखला, आधार, बँक पासबुक. दुखापत असेल तर वैद्यकीय दाखला. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारसांचे कागद. यातला जातीचा दाखला सगळ्यात चिवट. जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा मागतात. पालात जन्मलेल्या आजोबांचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? वडिलांकडच्या एखाद्या नातेवाइकाकडे दाखला किंवा वैधता प्रमाणपत्र असेल तर वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासह तेच जोडा. काहीच नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे गृहचौकशीची, म्हणजे वस्तीवर येऊन चौकशी करण्याची, लेखी मागणी करा. दाखला हातात नाही म्हणून फिर्याद मात्र लांबवू नका. फिर्यादीत जमात स्पष्ट सांगितली की झालं.

किती मिळतं? २०१६ च्या सुधारित नियमांत ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंतची मदत आहे. घर, गाव सोडायला भाग पाडलं तर १ लाख, परत तिथे राहण्याचा हक्क, आणि घर मोडलं असेल तर सरकारी खर्चाने बांधून. यातले २५ टक्के फिर्यादीनंतर, ५० टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेले शिक्षा झाल्यावर. सामाजिक बहिष्कारालाही १ लाख, पण ते सगळे दोषारोपपत्रानंतर. खुनाच्या प्रकरणात ८ लाख २५ हजार: निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्रानंतर. निकालाची वाट इथे पाहायची नसते. शिवाय मृताच्या पत्नीला किंवा अवलंबितांना दरमहा ५,००० रुपये मूळ निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता, मुलांचा पदवीपर्यंतचा शिक्षणखर्च, तीन महिन्यांचं धान्य आणि भांडी अशीही तरतूद आहे. धान्यभांडी कोणी आपणहून देत नाही, ती निवेदनात नाव घेऊन मागायची.

रक्कम अडकली तर जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीकडे जा. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे. दोषारोपपत्र ६० दिवसांत जायला हवं. तारीख उलटली की तेही तिथेच विचारा, कारण पुढचा हप्ता त्यावर लटकलेला असतो.

कोर्टात आरोपीच्या जामिनाची सूचना तुम्हाला मिळालीच पाहिजे आणि तुमचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, कलम १५-अ तसं सांगतं. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत, उत्पन्नाची अट नाही. कुटुंब ऊसतोडीला गेलं की नोटीस जुन्या पत्त्यावर पडून राहते, म्हणून मुक्काम हलला की नवा पत्ता तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलाला लेखी कळवा. तारखेला आलेल्या पीडिताला आणि साक्षीदाराला प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो. बाई, मूल किंवा ६० वर्षांवरचं माणूस असेल तर सोबत आणलेल्याचाही. एसटीचं तिकीट फाडून टाकू नका.