जुनी रायफल म्हणजे सोनंच का? जरा हिशोब करूया

“अमेरिकेत मोसिन नागांत रायफल शंभर डॉलरच्या आत मिळायची, तेव्हा घेतली नाही त्यांनी सोनं घालवलं” हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. (मोसिन नागांत म्हणजे रशियन, नंतर सोव्हिएत सैन्याची जुनी रायफल.) पटतो, कारण भाव खरंच वाढलेत, पण अर्धाच खरा आहे.

आधी महागाई धरा. २००५ चे १०० डॉलर म्हणजे २०२४ चे साधारण १६०, ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर लगेच कळतं. म्हणजे वाढीतला काही भाग नुसता डॉलर स्वस्त झाल्याचा आहे, शिवाय तेच पैसे बँकेत किंवा शेअर्समध्ये असते तर तेही वाढलेच असते ना.

दुसरं म्हणजे ही रायफल दुर्मिळ नाहीच. १८९१ पासून पुढे ३ कोटींच्या वर बनल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्त करून सोव्हिएत गोदामांत पडून होत्या आणि सोव्हिएत संघ फुटल्यावर ढिगाने बाहेर आल्या, म्हणून स्वस्त होत्या.

आणि सगळ्या सारख्या नाहीत, खरी गोम इथेच आहे! नळी, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता दांडा), मॅगझिनची म्हणजे गोळ्यांच्या कप्प्याची तळपट्टी आणि दस्त्याची लोखंडी पट्टी यांवरचे सिरियल नंबर जुळवून बघा. दुरुस्तीत दुसऱ्या रायफलचे पार्ट लावून जुन्या नंबरावर रेघ मारून नवा टाकायचे, तो नीट बघितला की दिसतो. चौकोनात तिरकी रेघ असा शिक्का दिसला तर माल दुरुस्त केलेला. कलेक्टर जास्त पैसे मोजतात ते न छेडलेल्या पीसला, किंवा याच रायफलच्या फिनलंडमध्ये बनलेल्या एम-३९ या मॉडेलला.

भाव बघायचा तर विकणारा काय मागतोय ते सोडा, संपलेल्या लिलावांत किती मिळाले ते बघा.