मर्तिकाचा खर्च आणि ‘इच्छापत्रा’चा घोळ: कोकणातली पार्श्वभूमी

मर्तिकाला रोख पैसा लागतो, हे कोकणातल्या वाड्यांना फार उशिरा कळलं. मयत झाली की भावकी जमायची. कोणी बांबू तोडायचा, कोणी मडकं आणायचा, घरटी चार लाकडं मसणवट्यात पोचायची. खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांत कबर खोदायला जमातीची माणसं उभी राहायची, ख्रिस्ती वाड्यांतही शेजारीच खांदा द्यायचे. आज तुम्ही त्याच्याकडे गेलात, उद्या तो तुमच्याकडे येईल, एवढाच हिशेब. इच्छाही तोंडीच असायची. ‘परड्यातला तो रायवळ आंबा माझ्यासाठी ठेवा,’ असं म्हातारा सांगून ठेवायचा आणि तेवढं पुरायचं.

मुंबईच्या गिरण्यांनी वाड्यांतले तरणे हात नेले, तरी सुरुवातीला फारसं बिघडलं नाही. तार पोचून मुलगा गावी येईपर्यंत दिवस उलटायचे, म्हणून त्याची वाट न पाहता अग्नी दिला जायचा आणि तो दहाव्याला यायचा. घराघरांत फोन आले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुलगा दुसऱ्या सकाळी पोचू शकतो असं झालं. मग थांबणं आलं. थांबायचं म्हणजे आधी बर्फाच्या लाद्या, पुढे भाड्याची शीतपेटी. उलट दिशेनेही तेच. मुंबईत देह ठेवलेल्याला गावच्या मातीत न्यायचं तर मालवणपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर शववाहिका, तीही परतीच्या भाड्यासह. खर्चाचा मोठा आकडा इथे आहे, सरणात नाही. सरणाला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं, पावसाळ्यात ओलं असेल तर जास्त.

२०२२ मध्ये अंत्यसंस्कारावर १८ टक्के जीएसटी लागल्याची बातमी फिरली आणि अनेकांनी ती खरी मानली. वाढ झाली होती ती स्मशानभूमीच्या बांधकाम कंत्राटांवरच्या करात. अंत्यसंस्कार, दफन आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा २०१७ च्या मूळ कायद्यापासूनच कराबाहेर आहेत.

खरा गुंता ‘इच्छापत्र’ या शब्दाचा आहे. वकील ज्याला इच्छापत्र किंवा मृत्युपत्र म्हणतात, ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं आणि मालमत्तेपुरतं. मृतदेह ही कोणाची मालमत्ता नसते. त्यामुळे ‘मला गावी न्या’ किंवा ‘बारावं घालू नका’ हे त्यात लिहिलं तरी वारसांवर त्याची सक्ती होत नाही. शिवाय हा कागद बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडतो, तोवर सगळं उरकलेलं असतं. दुसरं वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं. २०२३ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते करण्याची मुभा दिली. पण रुग्णाला यंत्रांवर ठेवावं की नाही एवढंच ते सांगतं, शेवटच्या श्वासाबरोबर त्याचं काम संपतं. तिसरा देहदानाचा अर्ज. त्यामागे १९४९ चा शरीररचनाशास्त्र कायदा आहे, मात्र प्रत्यक्षात घरच्यांनी देह पोचवला तरच दान होतं. अवयवदानाचा कायदा वेगळा, १९९४ चा. आता सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं असल्याने देहदानाची चौकशी गावातही होते, आणि चौकशी करणारा ‘इच्छापत्र केलंय’ म्हणतो तेव्हा यातलं नेमकं कोणतं, हे त्याच्या मुलांनाही ठाऊक नसतं. एका नावाखाली इतके कागद कोंबणं ही मोठी चूक आहे, कारण निर्णय घ्यायला घरच्यांच्या हातात चोवीस तासही नसतात.

१९२५ च्याच कायद्यातलं ३२० वं कलम मात्र कामाचं आहे आणि त्याकडे फार कोणी बघत नाही. मृताच्या ऐपतीला आणि दर्जाला साजेसा, वाजवी अंत्यसंस्काराचा खर्च त्याच्या मालमत्तेतून, सगळ्या कर्जांच्या आधी फेडायचा, असं ते सांगतं. म्हणजे हा भार थोरल्या मुलावर किंवा गावी राहिलेल्या भावावरच पडला पाहिजे असं नाही. भांडण ‘वाजवी’ शब्दावर होतं. लाकडं आणि शववाहिका सगळे मान्य करतात, बाराव्याची जेवणावळ आली की चाकरमानी भाऊ आणि गाववाला भाऊ समोरासमोर येतात. माझ्या मते जेवणावळीबद्दल दोन ओळी वेगळ्या कागदावर लिहून तो देवघराच्या खणात ठेवणं जास्त उपयोगाचं.

राहिला तो राखून ठेवलेला आंबा. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ ही सगळी झाडं आहेत, ती तोडायला परवानगी लागते. सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबई-ठाण्यात. सगळ्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत तिरडी थांबत नाही, म्हणून लाकूड वखारीतून विकत येतं आणि आंबा परड्यात उभाच राहतो.